स्मिता पाटील आपली, मग तिचे पिच्चर आपल्याकडे का लागले नाहीत?

धुळ्यात पाचकंदीलला, नाहीतर शिरपूरच्या बसस्टँडवर कुणालाही विचारा, स्मिता पाटील कुठली? उत्तराला क्षणाचा उशीर होत नाही. "आमनी पोर शे ती, शिरपूरनी." मग पुढचं विचारा, तिचा कुठला पिच्चर टॉकीजला पाहिला? साठीच्या आसपासचा माणूस असेल तर सांगेल 'नमक हलाल'. थोडा आठवून 'शक्ती'. 'भूमिका', 'चक्र', 'उंबरठा' ही नावं ऐकून माहीत असतात, पण तिकीट काढून पाहिलेला माणूस विरळाच.

यावरून "आपल्या लोकांना चांगलं बघायची सवयच नाही" असं म्हणणारे शहाणे पुण्या-मुंबईत आहेत आणि इकडेही आहेत. मला ते कधीच पटलं नाही. गावातल्या टॉकीजला काय लागणार हे प्रेक्षकाच्या आवडीनं फार उशिरा ठरतं, त्याच्या आधी ते पैशानं ठरून गेलेलं असतं. स्मिताची कारकीर्द समजून घ्यायची तर तिचा अभिनय बघावाच लागतो, पण तिच्या सिनेमांना पैसा कुणी घातला आणि ते सिनेमे कुठवर पोचले, हेही बघावं लागतं. समांतर सिनेमा, समांतर सिनेमा म्हणतात तो प्रकार मग आपोआप उलगडतो.

आधी 'शिरपूरची' म्हणजे किती, ते सांगतो. तिचा जन्म पुण्याचा, 17 ऑक्टोबर 1955. घराणं शिरपूरचं. वडील शिवाजीराव गिरधर पाटील स्वातंत्र्यसैनिक, समाजवादी विचारांत घडलेले, पुढे काँग्रेसमधून राज्यात मंत्री झालेले. साखर कारखान्यांच्या सहकारी चळवळीतलं ते वजनदार नाव. 2013 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आई विद्याताई परिचारिका आणि समाजकार्यात कायम पुढे. घरात तीन बहिणी, आणि वातावरण राष्ट्र सेवा दलाचं. सेवा दलाची कलापथकं म्हणजे गावोगाव फिरून गाणी, नाच, छोटी नाटकं करणारी मंडळी. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींची छाया या संघटनेवर होती, त्यामुळे खानदेशात ती घरातलीच वाटायची. लहान स्मिताचं स्टेजशी नातं जुळलं ते या कलापथकात. अभिनयाच्या कुठल्या शाळेत ती रीतसर शिकली नाही.

वडील मंत्री झाल्यावर कुटुंब मुंबईला गेलं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, आणि त्यानंतर थोड्याच काळात ही मुलगी पडद्यावर मराठी बातम्या वाचताना दिसू लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची, असं तिच्याबद्दल हमखास सांगितलं जातं. टीव्ही कृष्णधवल होता. रंग नसलेल्या पडद्यावर गोरं की सावळं याला फारसा अर्थ उरत नाही. उरतात ती गालांची हाडं, डोळे आणि आवाज. तिच्याकडे हे तिन्ही होतं. दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी तिला हेरलं ते याच पडद्यावर. ध्वनिमुद्रक हितेंद्र घोष यांच्या ओळखीतून गाठ पडली आणि 1975 मध्ये 'चरणदास चोर' आला. लहान मुलांसाठीचा सिनेमा, त्यात ती राजकन्या. त्याच वर्षी 'निशांत'.

त्याच साली जब्बार पटेलांच्या 'सामना'तही तिची छोटी भूमिका आहे. साखर कारखान्याच्या जिवावर माजलेल्या पुढाऱ्याची गोष्ट, आणि त्यात काम करणारी मुलगी साखर कारखानदारीतल्या नेत्याची. त्या घरात यावर काय बोलणं झालं असेल, याचं मला अजून कुतूहल आहे.

आता पैशाचं.

त्या काळी हिंदी पिच्चरचा निर्माता स्वतः देशभर सिनेमा दाखवत नसे. धंद्यासाठी देशाचे तुकडे पाडलेले होते: मुंबई, दिल्ली-यूपी, निजाम म्हणजे हैदराबादकडचा भाग, सीपी-बेरार म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाड, वगैरे. इंग्रज गेले, प्रांत बदलले, पण सिनेमाच्या धंद्यात ही जुनी नावं तशीच राहिली. एकेका तुकड्याचे हक्क एकेका वितरकाला विकायचे. यातलं एक मोठं ठाणं आपलं भुसावळ. वितरक आणि टॉकीजवाल्यांची सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन ही संघटना, तिचं मुख्य कार्यालय भुसावळला. रेल्वेचं जंक्शन असल्यावर दुसरं काय होणार? सिनेमा म्हणजे पत्र्याच्या पेट्यांमधली जड रिळं. त्या पेट्या रेल्वेनं यायच्या आणि तिथून पुढे गावोगावच्या टॉकीजला, जत्रेतल्या तंबूंना जायच्या. "पेटी आली का?" हा टॉकीजवाल्यांचा रोजचा प्रश्न होता.

हा वितरक पैसे कधी देतो, यात सगळी मेख आहे. पिच्चर पूर्ण व्हायच्या आधीच तो निर्मात्याशी सौदा करतो आणि ठरलेली किमान रक्कम कबूल करतो. धंद्यात याला एमजी म्हणतात, मिनिमम गॅरंटी. पिच्चर पडला तर ती रक्कम वितरकाच्या बोडक्यावर. निर्माता या आगाऊ पैशातून, आणि खासगी सावकाराच्या जबर व्याजाच्या कर्जातून, शूटिंग रेटत राहतो. सिनेमाला उद्योगाचा दर्जा द्यायचं सरकारनं ठरवलं ते थेट 1998 मध्ये. तोवर बँका या धंद्याला उभंच करत नसत.

आता वितरकाच्या जागी स्वतः बसून बघा. पिच्चर अजून बनलेलाच नाही. हातात आहे ते काय? नट कोण, गाणी किती, फायटी किती. त्यावरच तो आकडा सांगणार. त्याला कुणी सांगितलं की एक नवी, सावळी मुलगी आहे, गाणं नाही, मारामारी नाही, गावातल्या दूध डेअरीची गोष्ट आहे, तर तो चहा पाजून वाटेला लावेल. यात त्याची अक्कल काढण्यासारखं काही नाही, पैसा त्याचा जाणार असतो.

म्हणून समांतर सिनेमा म्हणजे गंभीर चेहऱ्यांचा, संथ चालीचा सिनेमा, ही व्याख्या मला अपुरी वाटते. या वितरकाच्या पैशाशिवाय उभा राहिलेला सिनेमा तो समांतर सिनेमा. पैसा दुसरीकडून आला, म्हणून हिरो लागला नाही. हिरो लागला नाही, म्हणून गोष्ट हवी तशी सांगता आली.

दुसरीकडून म्हणजे कुठून? एक सरकार. 1960 मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघालं, ते छोट्या सिनेमांना कर्ज द्यायचं. 1980 मध्ये ते एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, विलीन झालं. दुसरी वाट आडवळणाची. ब्लेझ नावाची कंपनी टॉकीजमध्ये मध्यंतराच्या वगैरे जाहिराती पुरवायची. बेनेगल जाहिरातपट करायचे, त्या ओळखीतून 'अंकुर', 'निशांत', 'भूमिका' या सिनेमांना ब्लेझचा पैसा मिळाला. साबणाच्या जाहिराती दाखवणाऱ्यांनी भारतीय सिनेमाचा एक काळ उभा केला, असं म्हटलं तरी चालेल. पुढे दूरदर्शनही यात आलं. सत्यजित राय यांनी 1981 मध्ये प्रेमचंदांच्या कथेवर 'सद्गती' केला तो दूरदर्शनसाठी, त्यात ओम पुरी आणि स्मिता नवरा-बायको आहेत.

तिसरी वाट मात्र खानदेशातल्या माणसाला चटकन कळेल अशी आहे. 'मंथन', 1976. गुजरातच्या दूध सहकारी संस्थांच्या सुमारे पाच लाख सभासदांनी प्रत्येकी 2 रुपये घातले आणि 10 लाखांत पिच्चर उभा राहिला. ज्याच्या घरात सूतगिरणीचा नाहीतर साखर कारखान्याचा शेअर आहे त्याला हे वेगळं समजवायला नको: थेंब थेंब भांडवल, आणि मालकी सगळ्यांची. सिनेमा लागल्यावर हे शेतकरी ट्रक भरभरून आपला पिच्चर बघायला आले. पैसा घालणारा आणि बघणारा एकच असल्यामुळे मधल्या वितरकाला पटवायची गरजच उरली नाही. समांतर सिनेमाच्या दुखण्यावर एवढा नेमका इलाज परत फारसा कुणी केला नाही, याचं वाईट वाटतं.

'मंथन'मधली स्मिता म्हणजे बिंदू, गावातली फटकळ बाई. शूटिंग राजकोटकडच्या एका खेड्यात होतं. तिथला एक किस्सा सांगितला जातो: शहरातली कॉलेजची मुलं शूटिंग बघायला आली आणि हिरॉईन कुठे आहे म्हणून विचारू लागली. स्मिता गावच्या बायकांत उकिडवी बसलेली होती. "ही काय, ही हिरॉईन," असं दाखवलं तरी पोरांचा विश्वास बसेना. तिचं काम काय दर्जाचं होतं हे या किश्श्यात आलंच. बाईचं खेडवळपण दाखवायला तिनं आवाज चढवला नाही, भाषेचे वेडेवाकडे हेल काढले नाहीत. बसणं, उठणं, पदर सावरणं, गावात दूध संस्था काढायला आलेल्या शिकलेल्या डॉक्टरकडे मान न वळवता नुसत्या डोळ्यांनी बघणं, यावर तिनं सगळं तोललं.

इथे सिनेमातल्या अभिनयाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण "ती काही करतच नाही, नुसती असते" अशी तिची तारीफ करतात आणि ती अर्धवट आहे. नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायचं असतं, म्हणून हात मोठे हलतात, शब्द फेकावे लागतात. कॅमेरा वीतभर अंतरावर येतो. तिथे पापणी लवली तरी पडद्यावर ती हातभर दिसते. मग कमी करायचं, पण ते कमी नेमकं हवं. शिवाय सिनेमाचं शूटिंग गोष्टीच्या क्रमानं होत नाही. आज शेवटचा प्रसंग, उद्या पहिला. मनात पात्राचा सगळा प्रवास तयार ठेवून कुठल्याही दिवशी त्यातला कुठलाही तुकडा काढून द्यायचा, हे खरं अवघड काम.

ही परीक्षा 'भूमिका'त (1977) दिसते. हंसा वाडकर यांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेला हा सिनेमा. नायिका उषा लहानपणी गाणं शिकते, घरची गरिबी म्हणून सिनेमात येते, जिच्या कमाईवर घर चालतं अशी बाई होते, आणि तरी तिच्यावर हुकूम चालतो तो घरच्यांचा. अल्लड पोरीपासून थकलेल्या बाईपर्यंतचं सगळं वय स्मितानं पडद्यावर काढलंय, आणि तेव्हा ती स्वतः होती एकविशी-बाविशीची. अमरीश पुरींच्या वाड्यातला भाग नीट बघा. श्रीमंत जमीनदाराच्या घरात तिला मान आहे, दागिने आहेत, फक्त उंबऱ्याबाहेर पडायची मुभा नाही. हे तिला एका झटक्यात कळत नाही. हळूहळू कळत जातं आणि प्रत्येक वेळी चेहऱ्यावरचा एकेक दिवा मालवल्यासारखा होतो. या भूमिकेसाठी तिला अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसरा मिळाला 'चक्र'साठी. पद्मश्री मिळाली 1985 मध्ये.

मराठीत तिनं मोजकंच काम केलं, पण त्यातले दोन सिनेमे चुकवू नयेत असे आहेत, आणि दोन्ही जब्बार पटेलांचे. 'जैत रे जैत' (1977) ठाकर आदिवासींच्या जीवनावरचा. त्याची गाणी ना. धों. महानोरांची. महानोर पळसखेड्याचे, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराच्या कुशीतले, खानदेशाच्या अगदी वेशीवरचे. त्या गाण्यांतलं रान आपल्याकडच्या माणसाला परकं वाटत नाही ते त्यामुळेच. 'उंबरठा' (1982) शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून आला, पटकथा विजय तेंडुलकरांची. सुलभा महाजन ही सुखवस्तू घरातली सून, नवरा, लहान मुलगी, सगळं मागे ठेवून परगावच्या महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते. बिंदू आणि सुलभा लागोपाठ बघितल्या तर ही एकच नटी आहे हे स्वतःला सांगावं लागतं.

बाकीची यादी भराभर सांगतो: 'गमन', 'आक्रोश', 'बाजार', 'अर्थ', 'मंडी', 'अर्धसत्य'. बंगालीत मृणाल सेन यांचा 'आकालेर संधाने', त्यात ती स्मिता पाटील म्हणूनच आहे. गुजरातीत 'भवनी भवाई', मल्याळममध्ये अरविंदन यांचा 'चिदंबरम'. जेमतेम बारा वर्षांच्या कारकिर्दीत ऐंशीच्या आसपास सिनेमे.

मग ही बाई 'नमक हलाल'मध्ये काय करत होती? पावसात भिजून नाचायला का गेली? तिच्या चाहत्यांतले सोवळे लोक हा प्रश्न अजून कपाळाला आठ्या घालून विचारतात. तिचं उत्तर सरळ होतं, तिनं ते मुलाखतीत दिलंय. पहिली चार-पाच वर्षं तिनं धंदेवाईक सिनेमे नाकारले. मग छोट्या सिनेमाला जरा बरे दिवस आले आणि छोट्या सिनेमावाल्यांनाच मोठी नावं हवीशी वाटू लागली. एक-दोन सिनेमांतून तिला वगळलं गेलं. ते तिच्या जिव्हारी लागलं. नावच हवं असेल तर नाव कमावून दाखवते, असं तिनं ठरवलं.

म्हणजे वितरकाचा तो प्रश्न, "नट कोण?", फिरून समांतर सिनेमाच्या दारात आला होता. सरकारी कर्जातून पिच्चर बनत होता, पण त्याची पेटी भुसावळच्या पुढे न्यायला कुणी तयार नव्हतं. मुंबई-पुण्यात सकाळचे खेळ, फिल्म सोसायट्यांचे शो, परदेशातले महोत्सव, आणि मग डबा बंद. कर्ज फिटणार कसं? मग ओळखीचा चेहरा हवा. आणि चेहरा ओळखीचा होतो तो 'नमक हलाल'सारख्या पिच्चरनं, कारण तो चाळीसगावपासून शहाद्यापर्यंत सगळीकडे लागतो. त्या पावसातल्या गाण्याच्या शूटिंगनंतर ती फार बेचैन होती, हे खुद्द अमिताभ बच्चन यांनी नंतर सांगितलंय. तरी काम तिनं अंग चोरून केलेलं नाही. एकट्या 1982 मध्ये 'उंबरठा', 'बाजार', 'अर्थ', 'नमक हलाल' आणि 'शक्ती' असे पाच तरी सिनेमे आहेत. दोन्ही दगडांवर पाय ठेवून इतकं नीट उभं राहिलेलं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

पेटी पुढे सरकवायचा आणखी एक मार्ग होता, आणि तो घाणेरडा होता. 'चक्र' (1981) जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा, मुंबईतल्या झोपडपट्टीचा सिनेमा. त्यात ती उघड्यावर नळाखाली अंघोळ करते असा प्रसंग आहे. पोस्टरवाल्यांनी नेमका तोच उचलून मोठा केला. हिरो नाही, तर बाईचं अंग विका, हा हिशेब. याबद्दलची चीड तिनं जाहीर बोलून दाखवली होती. मुंबईतल्या विमेन्स सेंटर या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी तिचा संबंध होता, बायकांच्या प्रश्नांवर ती उघड बोलायची. त्यामुळे हा घाव तिला दुहेरी बसला असणार.

नंदुरबारच्या लोकांसाठी एक सिनेमा वेगळा काढून ठेवलाय: केतन मेहतांचा 'मिर्च मसाला', एनएफडीसीच्या पैशातून झालेला. दिवाळीनंतर नंदुरबारला गेलं की मिरचीच्या पथाऱ्या दिसतात. जमिनीवर लांबच लांब लाल पसारा, त्यात ओळीनं बसून देठ खुडणाऱ्या बायका, तोंडाला पदर, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ठसका. सिनेमातला मिरचीचा कारखाना गुजरातमधला आणि काळ इंग्रजांचा, पण हे दृश्य ज्यानं पाहिलंय त्याला पहिल्या फ्रेमपासून नाकात झोंबल्यासारखं होईल. सुभेदाराची नजर पडलेली सोनबाई त्या कारखान्यात आसरा घेते, म्हातारा राखणदार दार लावून घेतो, आणि सगळं गाव म्हणतं, दे बाई स्वतःला त्याच्या हवाली करून, आमची सुटका कर. शेवटी कारखान्यातल्या बायका हातात येते ती वस्तू, म्हणजे मिरचीपूड, सुभेदाराच्या तोंडावर फेकतात. स्मिता विळा घेऊन उभी आहे. बोलत काहीच नाही.

हा सिनेमा लागला 1987 मध्ये. ती बघायला नव्हती. 28 नोव्हेंबर 1986 ला तिला मुलगा झाला. अभिनेते राज बब्बर तिचे पती, मुलगा प्रतीक, जो पुढे नट झाला. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीतून ती सावरली नाही. 13 डिसेंबरला गेली, तेव्हा वय होतं 31. पूर्ण झालेले, अर्धवट राहिलेले तिचे पिच्चर पुढची दोनेक वर्षं येत राहिले.

खानदेशातल्या पुष्कळ घरांत तिची खरी ओळख झाली ती यानंतर, आणि तीही टीव्हीमुळे. 1984 पासून दूरदर्शनची लहान प्रक्षेपण केंद्रं देशभर झपाट्यानं उभी राहिली. ज्या सिनेमाची पेटी कधी गावात आली नाही, तो अँटेना फिरवून फिरवून घरच्या पडद्यावर बघता आला. गंमत अशी की समांतर सिनेमाला उतार लागला त्यातही टीव्हीचाच हात आहे. तीच नटमंडळी, तेच दिग्दर्शक मालिकांकडे वळले, आणि दिवाणखान्यात फुकट दिसणाऱ्या गंभीर गोष्टीसाठी तिकीट काढणारा आणखी कमी झाला.

2024 मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशननं 'मंथन'ची खराब झालेली रिळं दुरुस्त करून नवी प्रत काढली. ती फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दाखवली आणि नंतर आपल्याकडच्या काही थिएटरांतही लागली. ज्यांनी अजून तिचं काहीच पाहिलेलं नाही त्यांनी मात्र 'जैत रे जैत'पासून सुरू करावं, भाषा आपली आहे आणि गाण्यांनी हात धरला जातो. मग 'मंथन', मग 'उंबरठा'. 'भूमिका' घाईत बघू नका, कथा मागे-पुढे उड्या मारते, मध्ये उठलात तर धागा सुटेल. 'चक्र' कॉलेजच्या पोरापोरींना जरूर दाखवा, आणि तो नळाचा प्रसंग आला की रिमोट शोधू नका. वस्तीत न्हाणीघर नाही, म्हणून बाई उघड्यावर अंघोळ करते, एवढंच त्यात आहे.